आईच्या नावावर अंबोसेली

हेमचंद्र सबनीस हा खोटं बोलणारा माणूस नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं ऐकल्यावर कुणीही म्हणेल, हा तर अट्टल निघाला! पण नाही हो. चौदा वर्षं जपानात काढलेला, टोकियोजवळ फुनाबोरीतल्या दोन खोल्यांत बायको-मुलीबरोबर राहणारा, रोज दोन ट्रेन बदलून योकोहामाच्या ऑफिसात जाणारा, अगदी नाकासमोर चालणारा माणूस. काम काय, तर दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या. घरी प्लास्टिकची बाटली कचऱ्यात टाकायची तरी झाकण वेगळं, वरचा कागद वेगळा, बाटली तीनदा विसळलेली. विद्या, त्याची बायको, म्हणायची, "स्वतःच्या आंघोळीला पाच मिनिटं आणि बाटलीच्या आंघोळीला दहा!"

या माणसाला आयुष्यात एकच वेड होतं. हत्ती. लहानपणी सांगलीला देवळाचा हत्ती दारावरून जायचा, तेव्हापासूनचं. इतर लोक मोबाईलवर क्रिकेट बघतात, हा ट्रेनमध्ये उभ्याउभ्या हत्तींचे व्हिडिओ बघायचा. केनियात अंबोसेली नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे किलिमांजारोच्या पायथ्याशी हत्तींचे कळपच्या कळप दलदलीत पोटापर्यंत उतरतात, हे घरात इतक्या वेळा सांगून झालं होतं की मिताली, त्याची मुलगी, नुसतं "अं" म्हटलं तरी पुढचं वाक्य पूर्ण करायची. ती आता कॉलेजात होती, मराठीत सुरू करून जपानीत संपवणारी.

तर २०१६ च्या जानेवारीत विद्यानं सरळ टेबलावर हात आपटला. "तुमचे गुडघे गेल्यावर जाणार आहात का आफ्रिकेला? मितालीला फेब्रुवारीत सुट्टी आहे. आत्ता नाही तर कधीच नाही."

"फेब्रुवारी? अगं मार्चअखेर आहे आमची! ऑफिसात लोक बाथरूमला पळत जातात आणि पळत येतात."

"मग ऑगस्टात, ओबोनच्या सुट्टीत?"

"ओबोनला पाच दिवस मिळतात. जाण्यायेण्यातच तीन गेले."

"मग मागा ना दहा दिवस. फाशी देतील का?"

फाशी दिली नसती. पण 'मला हत्ती बघायला दहा दिवस द्या' हे वाक्य जपानीत कसं म्हणायचं हेच हेमचंद्रला सुचेना. म्हणजे जपानी येत होतं त्याला, उत्तम येत होतं, पण हे वाक्य बोलून झाल्यावर समोरचे बावीस जण जे काही बोलणार नाहीत, ते त्याला आत्ताच ऐकू येत होतं. ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या नाकानो-सान या मुलीनं दोन वर्षांत एक दिवस रजा घेतली होती, तीही दात काढायला.

आणि साहेब होते मोरिता-सान. पंचावन्न-छप्पन वर्षांचे, बारीक, हळू बोलणारे. यांच्याबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तीच सगळ्याच्या मुळाशी आहे. भूकंप होऊन त्सुनामी आली तेव्हा, अकरा साली, ट्रेन बंद पडल्या आणि सगळे ऑफिसातच अडकले. मोरिता-सानांची आई उत्तरेला मियागीकडे समुद्राकाठच्या गावात एकटी राहायची. ते रात्रभर तिला फोन लावत होते आणि शेजारी हेमचंद्र बसून होता, चहा आणून देत होता, तो गार झाला की दुसरा आणत होता. फोन लागला नाही. तरी मोरिता-सान पुढचे तीन दिवस ऑफिसातच थांबले, कारण ग्राहकांच्या सिस्टिम बंद होत्या आणि त्यांनी रजा मागितली नाही. मागितलीच नाही. पाचव्या दिवशी गावी पोचले. आई सापडली नाही, आजपर्यंत नाही.

हे सगळं हेमचंद्रला माहीत होतं हो! माहीत असून तो जानेवारीअखेरच्या एका मंगळवारी त्यांच्या टेबलापाशी गेला, तोंड उघडलं, आणि तोंडातून आलं, "माझ्या आईची तब्येत जरा..."

एवढंच. खरंच एवढंच म्हणणार होता. पण मोरिता-सान खुर्चीतून उठलेच.

"हॉस्पिटलमध्ये आहेत?"

आता इथे 'नाही' म्हणायला किती वेळ लागतो? एक सेकंद. पण त्यांचा चेहरा बघून हेमचंद्र म्हणाला, "हो."

"हृदय?"

"हो."

"कधी निघताय? आज जा! काम आम्ही बघू. हेमु-सान, जाऊ की नको हा विचार करत बसू नका, मी केला होता."

आणि त्यांनी कमरेतून वाकून त्याला नमस्कार केला. साहेबानं! हेमचंद्रच्या कानशिलात कुणीतरी सणसणीत ठेवून द्यावी तसं झालं. तो पुटपुटला की तिकीट आठवड्यानंतरचं आहे. ते म्हणाले, तोवर ऑफिसचा फोन वापरा, रोज बोला आईशी.

आई म्हणजे सिंधूताई सबनीस, वय पंच्याहत्तर, सांगलीत ठणठणीत. सकाळी दोन किलोमीटर चालून येऊन भाजीवाल्याशी भांडायची ताकद असलेली बाई.

घरी येऊन त्यानं सांगितलं तेव्हा विद्यानं कपाळाला हात लावला. "माझा अपेंडिक्स सांगायचा होतात! आईंना कशाला मध्ये आणलंत?"

"आणलं नाही गं, ती आपोआप आली."

मिताली म्हणाली, "पापा, दामे देशो." म्हणजे हे चालणार नाही, बाद. पण तिकिटं आधीच काढलेली होती, पिवळ्या तापाची लस टोचून झाली होती. तिघंही गेले.

आणि अंबोसेली काय होतं म्हणता! पहाटे तंबूतून बाहेर आलं की समोर किलिमांजारो, वर बर्फ, खाली ढग, मध्ये डोंगरच नाही असं वाटावं. जमीन पांढरट, वाळून फुटलेली, तिच्यावर धुळीच्या वावटळी एकट्याच फिरतायत. आणि मग एकदम हिरवी दलदल आणि त्यात हत्ती. दहा नाहीत, वीस नाहीत. साठ-सत्तर. पाठीवर पांढरे बगळे घेऊन, सोंडेनं गवताचा गठ्ठा उपटायचा, पाण्यात आपटून माती झाडायची आणि मग तोंडात. हेमचंद्र गाडीच्या उघड्या छतातून बघत होता आणि रडत होता. खरंच रडत होता, सत्तेचाळीस वर्षांचा बाप्या.

ड्रायव्हर-गाईड होता जोसेफ. तो म्हणाला, ती पुढची म्हातारी बघा, ती सगळ्यांची आजी, ती वळेल तिकडे कळप वळतो.

विद्या हळूच म्हणाली, "चाल बघा. थेट आईंची चाल."

झालं. तिथून पुढे हेमचंद्रला हत्ती नीट दिसेचनात. म्हातारी हत्तीण कानानं वारा घेत उभी राहिली की त्याला वाटायचं, आपल्याकडेच बघतेय.

आणि फोटो! चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं. विद्याला ताकीद, स्टेटसला काही टाकायचं नाही. मितालीला ताकीद. प्रत्येक फोटोत हेमचंद्र एकतर टोपीत तोंड घालून किंवा खांबामागे. चौथ्या दिवशी तर कहर झाला. झुडपाखाली सिंहीण आणि तीन बछडे, गाडीपासून पंधरा पावलांवर, असं भाग्य रोज मिळत नाही असं जोसेफ म्हणतोय, आणि तेवढ्यात शेजारी दुसरी गाडी येऊन थांबली. आतून आवाज आले, "सुगोई! कावाईई!" अख्खी गाडी जपानी टुरिस्टांनी भरलेली.

हेमचंद्र खाली बसला. सीटवर नाही, सीटच्या खाली, जिथे पाण्याच्या बाटल्या ठेवतात तिथे.

"अहो, उठा! सिंहीण बघतेय आपल्याकडे!"

"कुणी योकोहामाचं असलं तर?"

"केनियात तुम्हाला ओळखायला कोण बसलंय?"

"हळू बोल गं!"

जोसेफला वाटलं साहेब सिंहाला घाबरले. त्यानं मागे वळून समजावलं, गाडीत आहात तोवर ती काही करत नाही. हेमचंद्र बाटल्यांच्या मध्ये गुडघे पोटाशी घेऊन म्हणाला, "आय नो, आय नो." वीस मिनिटं. मिताली वरून खाली बघत होती. हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसतं बघितलं आणि मान वळवली, आणि बापाला ते सिंहिणीनं फाडण्यापेक्षा जास्त लागलं.

परत आले शनिवारी. जपानात फेब्रुवारी, सगळे पांढरेफटक, आणि हेमचंद्रचा चेहरा तव्यावरून काढलेला, डोळ्यांभोवती गॉगलचे दोन गोरे गोल. आता पुढची पंचाईत. जपानात रजेवरून परत येताना ऑफिसला खाऊ न्यावा लागतो, जिथे गेलात तिथला. म्हणजे भारतातला. मग रविवारी विद्या निशी-कासाईच्या इंडियन दुकानातून सोनपापडीचे तीन डबे घेऊन आली. त्यांच्या मागे जपानी स्टिकर, आयात करणाऱ्याचा पत्ता, तारीख, सगळं. विद्या स्वयंपाकघरात हेअर ड्रायर घेऊन ते स्टिकर सोलत बसली आणि तोंडाने सोलत होती नवऱ्याला.

"लग्नात सांगितलं होतं तुमच्या मामांनी, मुलगा फार सरळ आहे!"

सोमवारी सकाळी तो ऑफिसात शिरला आणि आपल्या टेबलापाशी येऊन थांबला.

टेबलावर कागदी सारस होते. घडी घालून केलेले, अंगठ्याएवढे, रंगीत, दोऱ्यात ओवलेले, पंचवीस माळा आणि वर एक गाठ. हजार. कुणी फार आजारी असलं की इथे हजार सारस करतात, ते माणूस बरं व्हावं म्हणून. बावीस माणसांनी मार्चअखेरच्या धामधुमीत जेवणाच्या सुट्टीत डबा एका हातानं खात केलेले. नाकानो-सान पुढे आली. तिच्या बोटांना कागदानं कापलेलं होतं, दोन ठिकाणी पट्टी.

"आईंची तब्येत?"

हेमचंद्रला बोलता येईना. ते बघून तिला वाटलं वाईट बातमी आहे, तिचे डोळे भरले. मग तो घाईघाईनं म्हणाला, "बरी आहे, बरी आहे." आणि सगळ्या ऑफिसनं एकदम श्वास सोडला. कुणीतरी टाळी वाजवली. कुणी म्हणालं, किती काळवंडलाय बिचारा, हॉस्पिटलच्या दारात उन्हात उभा राहिला असेल. मोरिता-सान पुढे झाले. त्यांनी सोनपापडीचे डबे घेतले, उघडले, सगळ्यांना वाटले.

त्या दिवशी त्यानं काय काम केलं देव जाणे. संध्याकाळी ट्रेनमध्ये ती माळ मोठ्या पिशवीत घेऊन उभा होता, तर एका म्हाताऱ्या जपानी बाईनं पिशवीत बघितलं आणि उठून त्याला जागा दिली! म्हातारीनं! तो बसला नाही, पुढच्या स्टेशनला डबाच बदलला. वाटत होतं जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

घरी पोचला तर मिताली आजीशी व्हिडिओवर बोलत होती. तिनं ती माळ बघितली. हजार सारस म्हणजे काय हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती, ती इथेच वाढलेली. तिचा चेहरा लाल झाला आणि ती फोनवर बोलून गेली, "आजी, तुला माहितीये, तू आयसीयूत होतीस. पापांनी ऑफिसात सांगितलं. आम्ही आफ्रिकेला गेलो होतो."

"मिताली!" विद्या ओरडली.

फोनमध्ये आजीनं चष्मा वर सरकवला. मग हसण्याचा आवाज. "अगो बाई! म्हणजे माझं आयुष्य वाढलं की! जिवंतपणी मेल्याची आवई उठली की दहा वर्षं जास्त मिळतात. हेमू कुठाय? दे त्याला."

हेमचंद्रनं फोन घेतला. कोट अंगातच होता.

"काय रे, मला काय झालं होतं?"

"आई, तसं नाही गं... हार्ट."

"बरं निवडलंस. मूळव्याध नाही सांगितलीस." पुन्हा हसली. मग म्हणाली, "किती दिवसांची मिळाली रजा?"

"दहा."

"दहा." आता ती हसत नव्हती. पडद्यावर तिचं कपाळ आणि चष्मा एवढंच दिसत होतं, तिला फोन नीट धरता येत नाही. "म्हणजे मिळते तर रजा."

हेमचंद्र कोटाची बटणं काढू लागला.

"नाही, तीन वर्षं तू म्हणतोस ना, आई, मिळत नाही, इथे कुणी घेतच नाही. मला वाटायचं, असेल बाबा, परका देश. मी शेजारच्या चित्राला पण तेच सांगते. मिळते तर." मग म्हणाली, "हत्ती दिसले का पण?"

"दिसले."

"चांगलं झालं. आणि त्या साहेबांना उद्या खरं सांग. माझ्या नावानं लोकांनी कागदाच्या घड्या घालत बसायचं म्हणजे काय? मला लाज वाटते."

तिला लाज वाटते! करणारा कोण आणि लाज कुणाला! हेमचंद्र फोन ठेवून बाथरूममध्ये गेला आणि बराच वेळ नळ चालू ठेवून बसला. विद्या दारावर टकटक करून म्हणाली, "भात गार होतोय."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मोरिता-सान नेहमीसारखे ऑफिसमागच्या छोट्या बागेत बाकावर बसले होते, कोपऱ्यावरच्या दुकानातल्या ओनिगिरीचा, म्हणजे भाताच्या गोळ्याचा, कागद सोलत. हेमचंद्र समोर उभा राहिला. बसला नाही. ट्रेनमध्ये पाठ केलेलं जपानी सगळं विसरला आणि जे आलं ते बोलला. आई आजारी नव्हती. आपण केनियाला गेलो होतो. हत्ती बघायला. हे म्हणताना 'हत्ती' हा शब्द एवढा बालिश वाटला की तो पुटपुटलाच, दोनदा म्हणावा लागला. मग वाकला, खूप खाली, आणि तसाच राहिला. त्याला आपले बूट दिसत होते आणि बुटांच्या शिवणीत अजून अंबोसेलीची पांढरी धूळ होती.

"माहीत आहे," मोरिता-सान म्हणाले.

तो वर झाला.

"एका डब्याच्या मागे स्टिकर राहिला होता. निशी-कासाईचा पत्ता. मी काढून टाकला. नाकानोनं बघू नये म्हणून."

म्हणजे काल सकाळीच! काल सकाळपासून त्यांना माहीत होतं, आणि त्यांनी ती सोनपापडी वाटली, एक तुकडा स्वतः खाल्ला, छान आहे म्हणाले.

"अर्जावर फक्त 'खासगी काम' लिहिलं असतं तरी मी शिक्का मारला असता," ते म्हणाले. "लोक थोडे नाराज झाले असते. झाले असते तर झाले असते."

"मी घाबरलो."

"हो." त्यांनी ओनिगिरी परत कागदात गुंडाळला. "त्या सारसांतले शंभरेक मी केले. मला घड्या येत नव्हत्या, नाकानोनं शिकवल्या. करताना मी तुमच्या आईचाच विचार करत होतो असं नाही. त्यामुळे ते वाया गेले असं मला म्हणायचं नाही."

हेमचंद्रला वाटलं त्यांनी ओरडावं. दोन शिव्या द्याव्यात, सांगलीतल्या हेडमास्तरांसारखं कान धरून फिरवावं. पण ते शांतपणे पुढचं सांगत होते, कामाचं सांगावं तसं.

"बाकीच्यांना सांगू नका. तुमचं मन हलकं होईल, पण त्यांना वाईट वाटेल. ते विचारतील, तेव्हा तुम्ही उत्तर द्या. ते तुम्हालाच करावं लागेल. आणि ते सारस तुमच्या आईंचे आहेत. पोस्टानं पाठवू नका. जाऊन द्या."

मग उठले, पँट झटकली आणि निघून गेले. रोज ते दोघं मिळून लिफ्टपर्यंत यायचे. त्या दिवशी हेमचंद्र बागेत पाच मिनिटं उगाच थांबला.

पुढचे दिवस शिक्षेसारखे गेले. शिक्षा म्हणजे काय, तर प्रेम. नाकानो-सान रोज सकाळी विचारायची, आज आईंनी काय खाल्लं? एकानं हृदयरोग्यांसाठी कमी मिठाच्या मिसो सूपचं पाकीट आणून दिलं. हेमचंद्र रोज मान खाली घालून सांगायचा, बरी आहे, चालते आता थोडी. दोन किलोमीटर चालणाऱ्या बाईबद्दल. मोरिता-सान दोन टेबलं पलीकडे बसून सगळं ऐकायचे आणि स्क्रीनवरून नजर काढायचे नाहीत. वागायला तसेच, सौजन्याला तसेच. फक्त भूकंपानंतर पाच वर्षं जे दोघं एका बाकावर जेवत होते, ते आता एका बाकावर जेवत नव्हते.

मार्च संपला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात हेमचंद्रनं नवा अर्ज भरला. सात दिवस. कारणाच्या रकान्यात 'खासगी काम' लिहिता आलं असतं, मोरिता-सानांनीच सांगितलं होतं. त्यानं लिहिलं, 'आईला भेटायला. तब्येत उत्तम आहे.' लिहून त्याचं त्यालाच कसंतरी झालं, पण खोडलं नाही.

अर्ज घेऊन तो त्यांच्या टेबलापाशी उभा राहिला. मोरिता-सानांनी वाचला. परत वाचला. खणातून शिक्का काढला, त्यावर शाई लावली आणि शिक्का कागदाच्या वर धरून थांबले. सोळा वर्षं त्या टेबलावर बसून त्यांनी कुणाला असा प्रश्न विचारला नसेल. विचारताना त्यांनाच जड गेलं, दिसत होतं.

"साबुनिसु-सान," ते हळू, कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाले, आज आडनावानं हाक मारून, "हे खरं आहे ना?"

हेमचंद्रच्या खिशात तिकीट होतं. काढून दाखवावं असं हाताला वाटलं, हात खिशापर्यंत गेलासुद्धा. पण तिकीट दाखवायचं म्हणजे आपला शब्द पुरत नाही हे आपणच कबूल करायचं, आणि तो पुरत नव्हताच. त्यानं हात बाहेर काढला.

"खरं आहे," तो म्हणाला.

मोरिता-सानांनी त्याच्याकडे बघितलं. मग त्यांनी शिक्का मारला.